भांड्यावरचा पांढरा डाग नळाचा की टाकीचा?

पणजी आणि परिसरातील सदनिकांमध्ये पाण्याविषयीच्या तक्रारी साधारणतः सारख्याच असतात. स्टीलच्या भांड्यांवर पांढरे ठिपके उरतात, शॉवरची छिद्रे बुजतात, गिझरमध्ये पाणी तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, साबण कितीही चोळला तरी फेस येत नाही. या तक्रारींवर बाजारात तयार उत्तर मिळते. नळाचे पाणी जड आहे, तेव्हा स्वयंपाकघरात आरओ यंत्र बसवा आणि जमल्यास संपूर्ण इमारतीसाठी पाणी मृदू करणारे संयंत्र घ्या. त्यावर हजारो रुपये खर्च होतात, देखभालीचा करार दरवर्षी वाढवला जातो, आणि तरीही पावसाळ्यात घरातील लहान मुलांची पोटे बिघडायची ती बिघडतातच.

या उत्तराचा पायाच तपासून पाहण्यासारखा आहे. राजधानीला ज्या नदीचे पाणी पुरवले जाते, ते मुळात जड असण्यास भूशास्त्रीय कारण नाही. तरीही भांड्यावर पांढरा डाग उमटत असेल, तर तो डाग आणणारा क्षार पाण्यात नंतर कुठेतरी मिसळला, असे मानणे भाग आहे. बहुतेक वेळा ही जागा नळजोडणीचा मीटर आणि स्वयंपाकघरातील नळ यांच्या दरम्यान सापडते. ती शोधल्याशिवाय यंत्र विकत घेणे म्हणजे निदानाआधीच औषध सुरू करणे होय.

जडपणा म्हणजे नेमके काय?

शालेय पाठ्यपुस्तकांत जड पाण्याला 'दुष्फेन' आणि मृदू पाण्याला 'सुफेन' असे शब्द आहेत. ज्या पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही ते दुष्फेन, ज्यात सहज होतो ते सुफेन. या दोन शब्दांतच जडपणाची व्याख्या आली आहे. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असले की ते साबणाशी संयोग पावून चोथ्यासारखा न विरघळणारा साका तयार करतात. जेवढा साबण या साक्यात जातो, तेवढा स्वच्छतेच्या कामी येत नाही. अशा पाण्यात तूरडाळही लवकर शिजत नाही, कारण कॅल्शियम डाळीतील पेक्टिनला घट्ट बांधून ठेवते. कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते आणि कोणत्या विहिरीच्या पाण्यात नाही, हे जुन्या गृहिणींना ठाऊक असे. ती जडपणाचीच घरगुती चाचणी होती.

प्रयोगशाळेत जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या प्रमाणात, म्हणजे दर लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम, असा मोजतात. कॅल्शियमच्या आकड्याला २.५ ने आणि मॅग्नेशियमच्या आकड्याला सुमारे ४.१ ने गुणून बेरीज केली की एकूण जडपणा मिळतो. समजा, एका लिटरमध्ये २० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम आहे. त्या पाण्याचा जडपणा सुमारे ७० होईल. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल, तर ६०० पर्यंत मुभा आहे.

जडपणाचे दोन प्रकार आहेत. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा तात्पुरता असतो. पाणी उकळले की तो चुन्याच्या रूपाने खाली बसतो. किटलीच्या तळाला आणि गिझरच्या तापकावर जमणारा पांढरा थर तो हाच. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला जडपणा उकळून जात नाही, म्हणून त्याला स्थायी म्हणतात.

आरोग्याच्या बाबतीत जडपणाची जेवढी भीती घातली जाते तेवढी ती साधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घालून दिलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही शरीराला लागणारी खनिजेच आहेत. जडपणाचे नुकसान मुख्यतः साबण, वीज, नळ आणि यंत्रे यांच्या खर्चात दिसते. ते नुकसान खरे आहे, पण त्याची जात वेगळी आहे.

नदीचे पाणी मृदू का?

तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांना प्रामुख्याने ओपा येथील जलशुद्धीकरण प्रकल्पातून पाणी मिळते. हा प्रकल्प मांडवीची उपनदी असलेल्या खांडेपार नदीवर आहे. बार्देशला अस्नोडा येथून, तर सासष्टी आणि मुरगावला साळावली धरणातून पुरवठा होतो. या सर्व नद्यांचा उगम सह्याद्रीत किंवा त्याच्या पायथ्याशी आहे आणि त्या थोडे अंतर वाहून समुद्राला मिळतात.

गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हजारो वर्षे असा पाऊस झेलणाऱ्या खडकातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम यांसारखे विरघळणारे घटक वाहून गेले. मागे उरली ती लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेली तांबडी जांभ्या दगडाची जमीन. घरांच्या भिंतींना ज्या जांभ्याचे चिरे लागतात, त्यात पाण्याला जड करण्याइतके कॅल्शियमच उरलेले नाही. या जमिनीवरून वाहत आलेले नदीचे पाणी म्हणूनच स्वभावतः मृदू असते. हैदराबादसारख्या ग्रॅनाइटच्या पठारावरील शहरात खोल कूपनलिकांचे पाणी खडकाच्या भेगांत दीर्घकाळ साठून क्षार घेत राहते. तेथील अनुभवावरून गोव्यातील नळाच्या पाण्याचा अंदाज बांधला, तर तो चुकतो.

मृदू पाण्याचे मात्र स्वतःचे दुखणे असते. शुद्धीकरण प्रकल्पात गढूळपणा घालवण्यासाठी तुरटी वापरतात. तुरटीमुळे मातीचे सूक्ष्म कण एकत्र येऊन जड होतात व तळाशी बसतात. पण ही क्रिया पाण्यातील क्षारता खर्च करते. दर मिलिग्रॅम तुरटीमागे सुमारे अर्धा मिलिग्रॅम. मृदू पाण्यात ही क्षारता आधीच कमी असते. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की तुरटीची मात्रा वाढते, त्यामुळे पाण्याचा सामू खाली घसरतो आणि तो सावरण्यासाठी चुना मिसळावा लागतो. मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान हवा. तो खालच्या टोकाकडे झुकलेला असेल, तर असे मृदू पाणी लोखंडी नळ हळूहळू खाऊ लागते. जड पाणी नळाच्या आतून चुन्याचा पातळ थर चढवते आणि एका अर्थी नळाचे रक्षण करते. मृदू पाण्याला ते साधत नाही. त्यामुळे ज्या वस्तीत नदीचेच पाणी येते, तिथे पांढऱ्या डागापेक्षा तांबूस गंजाची तक्रार अधिक स्वाभाविक ठरते.

एकाच वस्तीत अनेक पाणी

पणजीतील मळा आणि फोंतेन्हास हा परिसर पाण्याच्या दृष्टीने बोलका आहे. फोंतेन्हास या पोर्तुगीज नावातच लहान झऱ्यांचा उल्लेख आहे. आल्तिनोच्या जांभ्या टेकडीवर पडलेले पावसाचे पाणी दगडातील छिद्रांतून खाली उतरते, आतील चिकणमातीच्या थराला अडते आणि पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. मळ्यातील फिनिक्स झर आणि बोका द व्हाका हे पणजीकरांच्या परिचयाचे झरे असेच आहेत. नळ येण्याआधी शहराची तहान अशा झऱ्यांनी आणि विहिरींनीच भागवली.

हे झऱ्याचे पाणी सहसा मृदू आणि काहीसे आम्लधर्मी असते. चवीला ते गोड लागते, पण चव म्हणजे शुद्धता नव्हे. टेकडीच्या माथ्यावर वस्ती वाढली, शौचकूप आले, सांडपाण्याचे खड्डे आले की ज्या छिद्रांतून पावसाचे पाणी खाली उतरते त्याच छिद्रांतून मैलाही उतरू शकतो. जांभा दगड पाणी गाळतो तेव्हा तो वाळूच्या गाळणीसारखा बारीक काम करत नाही. त्याच्या मोठ्या पोकळ्यांतून जंतू सहज पार होतात.

किनाऱ्याकडे सरकले की चित्र बदलते. मिरामार, करंझाळे अशा वाळूच्या पट्ट्यांत वाळूबरोबर शिंपल्यांचा चुरा असतो आणि शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. तिथल्या विहिरींचे पाणी म्हणून जड होऊ शकते. खाडीकाठच्या आणि खाजन जमिनीलगतच्या विहिरींत भरतीचे पाणी शिरले की पाणी मचूळ लागू लागते. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर असल्याने त्याच्याबरोबर जडपणाही वाढतो. अशा विहिरीतून उन्हाळ्यात जेवढा उपसा जास्त, तेवढे खारे पाणी आत ओढले जाण्याचा धोका जास्त.

आता या वस्तीतील एखादी चार-पाच मजल्यांची इमारत डोळ्यांसमोर आणावी. तळमजल्यावर जमिनीखाली टाकी, छतावर दुसरी टाकी. नळाचे पाणी दिवसातून काही तास येते. ते कमी पडले तर इमारतीची विहीर किंवा कूपनलिका सुरू केली जाते. तेही अपुरे पडले तर टँकर मागवला जातो. ही तिन्ही पाणी एकाच भूमिगत टाकीत मिसळतात. समजा, टाकीत ४० मिलिग्रॅम जडपणाचे पाच हजार लिटर नळाचे पाणी आहे आणि त्यात ३०० मिलिग्रॅम जडपणाचे पाच हजार लिटर टँकरचे पाणी ओतले. मिश्रणाचा जडपणा १७० होतो. सदनिकेत राहणाऱ्या माणसाला मात्र दिसतो तो एकच नळ, आणि तो दोष देतो नळाच्या पाण्याला.

हा फरक गिझरमध्येही जाणवतो. रोज शंभर लिटर पाणी तापवणाऱ्या घरात ४० मिलिग्रॅम जडपणाच्या पाण्याबरोबर दिवसाला चार ग्रॅम क्षार गिझरमधून जातात, तर ३०० मिलिग्रॅमच्या पाण्याबरोबर तीस ग्रॅम. वर्षाला हा हिशेब जवळपास अकरा किलोवर जातो. त्यातील काही भागच तापकावर चिकटतो, पण तापक निकामी करायला तेवढा पुरेसा असतो.

डागाचा रंग काय सांगतो

महागडी तपासणी करण्यापूर्वी घरातील डागांकडे नीट पाहिले, तरी पुष्कळ माहिती मिळते.

पांढरा, खरखरीत डाग लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावल्यावर फसफसून जात असेल, तर तो कॅल्शियमचा आहे. गोव्यात तो दिसला तर विहीर, कूपनलिका किंवा टँकर यांच्याकडे पहिला संशय वळवावा.

तांबूस किंवा विटकरी डाग लोहाचा. ते जांभ्या जमिनीतील विहिरीतून आलेले असेल किंवा गंजलेल्या नळातून. पाणी काढताना स्वच्छ दिसते आणि बादलीत थोडा वेळ राहिल्यावर पिवळसर होते, तर लोह पाण्यात विरघळलेले आहे. सकाळी पहिल्या धारेलाच तांबडे पाणी येते आणि नंतर निवळते, तर दोष घरातील जुन्या लोखंडी नळाचा आहे.

काळा, बुळबुळीत थर बहुधा मँगनीजचा. खोल जलाशयाच्या तळाशी प्राणवायू कमी झाला की गाळातील मँगनीज पाण्यात उतरते. पुढे क्लोरीनशी संयोग होऊन ते जलवाहिनीच्या आत काळ्या थराच्या रूपाने साचते. पाण्याचा दाब अचानक बदलला की हा थर सुटून नळातून येतो. साळावलीच्या पाणलोट क्षेत्रात खाणी असल्याने दक्षिण गोव्यात मँगनीजचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. मानकात मँगनीजची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे.

निळसर हिरवा डाग तांब्याच्या नळाची किंवा पितळी जोडांची झीज दाखवतो. मृदू, आम्लधर्मी पाण्यात ही झीज वेगाने होते.

या डागांपैकी एकही डाग रोगजंतूंविषयी काही सांगत नाही, हे लक्षात ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. जंतूंना रंग नसतो, चव नसते आणि ते भांड्यावर खूण ठेवत नाहीत.

न दिसणारा धोका

प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्लोरीन मिसळलेले असते. त्यातील काही भाग जंतू मारण्यात खर्च होतो आणि काही शिल्लक राहतो. ही शिल्लक वाटेतील दूषणाविरुद्धची राखीव फौज असते. मानकानुसार ग्राहकाच्या नळाला हे शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असले पाहिजे. नळाच्या पाण्याला येणारा हलका औषधी वास अनेकांना खटकतो, पण तो वास पूर्णपणे नाहीसा होणे ही अधिक चिंतेची गोष्ट आहे.

पुरवठा ठरावीक तासच होत असल्याने उरलेल्या वेळी जलवाहिन्या रित्या किंवा कमी दाबाच्या असतात. त्या वेळी वाहिनीला तडा असेल आणि शेजारून गटार किंवा मलवाहिनी जात असेल, तर बाहेरचे पाणी आत ओढले जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुर्टी-खांडेपार येथे ओपाच्या जलवाहिन्या फुटल्या आणि तिसवाडी व फोंडा तालुक्यांतील लोकांना अनेक दिवस पाण्याविना काढावे लागले. अशा प्रसंगी सर्वांचे लक्ष पाणी कधी येणार याकडे असते. प्रत्यक्षात रिकाम्या वाहिनीतून येणारे पहिले पाणीच सर्वांत जास्त गाळ आणि दूषण घेऊन येते. पुरवठा पूर्ववत झाल्यावर भूमिगत टाकीचा झडपा काही वेळ बंद ठेवून पहिले पाणी बाहेर सोडून देणे आणि पुढचे दोन-तीन दिवस पाणी उकळून पिणे शहाणपणाचे ठरते.

दुसरी कमकुवत जागा म्हणजे इमारतीची स्वतःची टाकी. भूमिगत टाकीचे झाकण जमिनीच्या पातळीवर असेल, तर पावसाळ्यात अंगणातील पाणी आत झिरपते. टाकीजवळून सांडपाण्याचा नळ जात असेल आणि भिंतीला तडा असेल, तर गळती दोन्ही दिशांनी होऊ शकते. पाणी टाकीत दोन-तीन दिवस राहिले की क्लोरीन उडून जाते. प्रकल्पाने कितीही काळजी घेतली तरी या टप्प्यावर ती संपते, आणि इथून पुढची जबाबदारी रहिवाशांची असते.

ऑक्टोबर २०२० मध्ये गोव्याने ग्रामीण भागातील सर्व घरांना नळजोडणी दिल्याचे जाहीर केले. ऑगस्ट २०२२ मध्ये 'हर घर जल' म्हणून प्रमाणित झालेले ते देशातील पहिले राज्य ठरले. ही कामगिरी मोठी आहे. मात्र नळ घरापर्यंत पोहोचणे आणि सुरक्षित पाणी पेल्यापर्यंत पोहोचणे यांत अजून एक अंतर शिल्लक असते. शहरी इमारतीत ते अंतर टाक्यांनी व्यापलेले असते.

विक्रेत्याचा प्रयोग आणि टीडीएसचा आकडा

घरोघरी यंत्रे विकणारे काही जण एक नाट्यमय प्रयोग करून दाखवतात. दोन पेल्यांत पाणी घेतले जाते, एकात नळाचे आणि दुसऱ्यात यंत्राचे. त्यांत विजेचे दांडे बुडवून प्रवाह सोडला की नळाचे पाणी काही क्षणांत गढूळ, हिरवट किंवा तपकिरी होते आणि यंत्राचे पाणी तसेच राहते. पाहणाऱ्याला वाटते, इतकी घाण आपण पीत होतो! वास्तविक तो रंग पाण्यातून येत नाही, दांड्यांच्या लोखंडातून येतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून गाळ तयार होतो. यंत्राच्या पाण्यात क्षारच उरलेले नसल्याने वीज वाहत नाही व गाळही होत नाही. त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करावा. तेही तपकिरी होईल.

टीडीएस मीटरचेही तसेच आहे. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देते. भारतीय मानकात ही स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. हा आकडा कमी आला म्हणजे पाणी सुरक्षित आणि जास्त आला म्हणजे घातक, असे मुळीच नाही. मैल्याचा अंश मिसळलेले झऱ्याचे पाणी मीटरवर अगदी कमी आकडा दाखवू शकते.

आरओ तंत्र विरघळलेले क्षार काढण्यासाठी आहे. ते अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलातून पाणी दाबाने ढकलते आणि क्षारांनी भरलेले उरलेले पाणी बाहेर टाकते. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओच्या वापराला मनाई करण्याचे आणि जिथे ते आवश्यक आहे तिथे किमान ६० टक्के पाणी वापरात येईल अशी अट घालण्याचे निर्देश केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला दिले. आधीच मृदू असलेल्या पाण्यातून उरलीसुरली खनिजेही काढायची आणि त्यासाठी बादल्या भरून पाणी गटारात सोडायचे, हा व्यवहार उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या इमारतीत तर अधिकच विसंगत ठरतो.

खरी गरज जंतू मारण्याची असेल, तर साधी गाळणी आणि अतिनील किरणांचे यंत्र किंवा एक उकळी पुरते. अतिनील किरणे गढूळ पाण्यात नीट पोहोचत नाहीत, म्हणून आधी गाळणे आवश्यक. लोहाचा त्रास असेल तर पाण्याला हवा लागू देऊन गाळून घेणे उपयोगी पडते. जडपणा खरोखर जास्त असेल, तरच मृदूकरणाचे संयंत्र विचारात घ्यावे. ते कॅल्शियमच्या बदल्यात सोडियम सोडते, ही गोष्ट रक्तदाबाच्या रुग्णांनी ध्यानात ठेवावी.

तीन बाटल्यांची तपासणी

पाणी कुठे बिघडते हे शोधण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एकाच दिवशी तीन ठिकाणचे नमुने घेणे. पहिला मीटरजवळ, थेट जलवाहिनीतून. दुसरा भूमिगत टाकीतून. तिसरा एखाद्या सदनिकेच्या स्वयंपाकघरातील नळातून. विहीर किंवा टँकर वापरात असेल, तर त्याचा चौथा नमुना. तिन्ही आकडे शेजारी ठेवले की उत्तर आपोआप समोर येते. मीटरला जडपणा कमी आणि टाकीत जास्त, तर पाणी मिसळते आहे. मीटरला क्लोरीन आहे आणि स्वयंपाकघरात नाही, तर टाकी अस्वच्छ आहे किंवा पाणी फार काळ साठते आहे. टाकीत लोह कमी आणि घरात जास्त, तर नळ गंजले आहेत. मीटरलाच क्लोरीन नसेल किंवा पाणी गढूळ असेल, तर मात्र प्रश्न पाणीपुरवठा खात्याचा आहे आणि तसे लेखी कळवता येते. नेमक्या आकड्यांसह केलेली तक्रार बाजूला सारणे कोणालाही अवघड जाते.

जडपणाचा प्राथमिक अंदाज घरीही घेता येतो. झाकणाच्या बाटलीत अर्धे पाणी घेऊन साध्या साबणाचे काही थेंब टाकावेत आणि जोरात हलवावे. वर टिकाऊ फेस आणि खाली स्वच्छ पाणी दिसले तर ते मृदू. फेस कमी आणि पाणी दुधाळ झाले तर जड. कपडे धुण्याची पावडर यासाठी चालत नाही, कारण ती जड पाण्यातही फेस करते.

जंतूंची तपासणी प्रयोगशाळेत करणे उत्तम. जलजीवन मोहिमेखाली पाणी तपासणाऱ्या शासकीय प्रयोगशाळा सर्वसामान्य नागरिकांसाठी खुल्या करण्यात आल्या आहेत. त्यासाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी, नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यावा, बाटलीच्या तोंडाला हात लावू नये आणि नमुना थंड ठेवून शक्य तितक्या लवकर पोहोचवावा. शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू एकही सापडता कामा नये, असे मानक सांगते. या एका कसोटीत सवलत नाही.

टाकीची निगा

तपासणीनंतर बहुतेक इमारतींत करायचे काम फारसे खर्चिक नसते. दोन्ही टाक्या वर्षातून किमान दोनदा, त्यातील एकदा पावसाळ्यानंतर, रिकाम्या करून घासाव्यात. धुतल्यावर दर हजार लिटर क्षमतेमागे सुमारे दोनशे ग्रॅम ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून, वरचे निवळ टाकीत मिसळावे आणि पूर्ण भरलेली टाकी काही तास तशीच ठेवावी. हे पाणी पिऊ नये. ते सोडून देऊन टाकी पुन्हा स्वच्छ पाण्याने भरावी. भूमिगत टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी ती हवेशीर करणे आणि वर दुसरा माणूस उभा ठेवणे अनिवार्य आहे. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो.

विहिरीचे पाणी वापरायचेच असेल, तर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हे सर्वसाधारण प्रमाण आहे. त्यानंतर किमान अर्धा तास थांबावे. शक्य तिथे विहिरीच्या किंवा टँकरच्या पाण्यासाठी वेगळी टाकी आणि वेगळा नळ ठेवावा, म्हणजे ते शौचालय, बाग आणि वाहन धुणे यांसाठी जाईल व पिण्याच्या पाण्यात मिसळणार नाही. गोव्यात २००२ च्या भूजल नियमन कायद्यानुसार विहिरींची नोंदणी आणि भूजलाच्या उपशावर नियंत्रण आहे. मात्र नोंदणी झालेली विहीर पिण्यायोग्य असेलच असे नाही. टँकर कोणत्या विहिरीतून भरला आणि त्या पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली, हे विचारण्याचा रहिवाशांना पूर्ण अधिकार आहे.

सोसायटीच्या वार्षिक सभेत रंगकाम, लिफ्ट आणि वाहनतळ यांवर तासन्‌तास चर्चा होते. टाकी शेवटची कधी धुतली, या प्रश्नाला पाच मिनिटेही मिळत नाहीत. प्रत्येक सदनिकेने स्वतंत्र यंत्र घेण्याऐवजी त्या पैशाचा लहानसा हिस्सा एकत्र करून तीन बाटल्या तपासून घेतल्या, टाकीच्या झाकणाची आणि भिंतीची दुरुस्ती केली आणि धुण्याच्या तारखा तळमजल्यावरील फलकावर लिहून ठेवल्या, तर पांढऱ्या डागाचे कारणही सापडेल आणि जो धोका भांड्यावर डाग ठेवत नाही त्याचाही बंदोबस्त होईल.